शेजारची सीट

“वजन किती?”

दुकानाची पायरी चढता चढता त्यानं विचारलं. मी शिवणयंत्रावरून मान वर केली. उंच अंगकाठी, विस्कटलेले केस आणि काखोटीला चक्क स्वयंपाकघरातला वजनकाटा.

“ओळख ना पाळख, आणि थेट बाईमाणसाला वजन विचारता?”

तो कानापर्यंत लाल झाला. “तुमचं नाही हो... त्या गादीचं.”

बाबांच्या मागे गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान मीच चालवत होते. गादी मऊ आहे का, टिकेल का, असं सगळेच विचारायचे. वजन विचारणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून विमान बनवत होते म्हणे. छोटं, दोन माणसांचं. मी खो खो हसले. तो मात्र हसला नाही, नुसता पाहत राहिला... आणि मला माझं हसू उगाचच आवरावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला गेले. गावाबाहेर पत्र्याची शेड, आणि मधोमध ते! उघड्या ॲल्युमिनियमचं, खिळ्यांच्या रांगा माझ्या टाक्यांहूनही सरळ. सरळ रेघेला काय मोल पडतं ते शिवणाऱ्या बाईला विचारावं. मी त्या रांगेवरून बोट फिरवत पार शेपटापर्यंत गेले.

“हे सगळं हातानं केलंत?”

“हातानं. आणि दादाच्या शिव्या खात.”

दादा विक्रीचं बघायचा, शेडमधले मेकॅनिककाका उरलेलं सगळं. शेडमध्ये नियम एकच होता: विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढणार. असल्या छोट्या विमानाला वजनाची मर्यादा असते. ती ओलांडली तर तपासनीस परवानगी देत नाही, आणि परवानगीशिवाय विकणार काय? म्हणून तो नकाशा अडकवायचा चिमटासुद्धा तोलून घ्यायचा. उजव्या बाजूला, माणसाच्या जागी, पट्ट्यानं बांधलेलं वाळूचं पोतं होतं.

“ही आमची पाहुणी,” काका म्हणाले. “दर उड्डाणाला याच्या शेजारी हीच. तक्रार नाही, बडबड नाही.”

“मग मजा आहे की यांची.”

“कंटाळा येतो हो...” तो हळूच म्हणाला.

माझी पहिली सीट इतकी गुबगुबीत झाली, की तो बसला आणि डोकं थेट वरच्या काचेला टेकलं. “आराम आहे,” मान वाकडी करून तो म्हणाला. “फक्त डोकं घरी ठेवून यावं लागेल.” मी रागारागानं सीट परत नेली. दुसऱ्या खेपेला फोम आतून पोखरला, वर जाळीचं कापड ताणलं. ती काट्यावर ठेवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. काटा थरथरला. आम्ही दोघंही मुकाट्यानं काट्याकडेच पाहत राहिलो.

“तुमचंही वजन लागेल,” थोड्या वेळानं तो म्हणाला.

“कशाला?”

“कधी बसलात तर... हिशेबाला.”

“ते माझ्या आईलासुद्धा माहीत नाही.”

“थांबेन मी,” तो म्हणाला. मी जाळीचा न सुटलेला धागा उगाच ओढत बसले.

तपासणी तोंडावर आली आणि दादानं विमान रंगवून घेतलं. लालभडक, आरशासारखं. गिऱ्हाईक रंगाला भुलतं, असं त्याचं म्हणणं. आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत राहिलो. मग शेवटचं वजन झालं, आणि ते मर्यादेबाहेर गेलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. “सीट जड झाल्यात.”

“सीट मी तोलून घेतल्यात,” तो म्हणाला.

“मग शेजारची काढ. एका माणसाचं विमान म्हणून दाखवू. परवा तपासनीस नाही म्हणाला, तर शेडला कुलूप लागेल. कळतंय का?”

तो पाना घेऊन उजव्या सीटपाशी वाकला. मी सीटची पाठ घट्ट धरली. सीट मी शिवली होती म्हणून नाही... त्या सीटवर कधीतरी मी बसणार होते म्हणून.

“एकट्यालाच उडायचं होतं, तर पतंग करायचा होता!” माझ्या तोंडून निघून गेलं.

तो थांबला. पाना खाली ठेवून त्यानं पंखावरून हात फिरवला, मग कोपऱ्यात पाहिलं. तिथं रंगाचे डबे पडले होते — अस्तराचे, रंगाचे, वरच्या चकाकीचे. सगळे रिकामे.

चिमटा तोलणारा माणूस रंग तोलायला विसरला होता! तो जमिनीवर बसून हसायलाच लागला. काकाही हसले. दादानं कपाळावर हात मारला.

“दादा, रंग काढू या.”

“असलं उघडंबोडकं विमान कोण घेईल?”

“दोघांना नेतं ना? घेतील.”

दादा कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मुकाट्यानं बाह्या सरसावल्या.

बाहेर पाऊस पत्रा बडवत होता. रंगावर औषध लावायचं, रंग फुगला की लाकडी पट्टीनं खरवडायचा. लाल पापुद्रे पायाशी साचत होते. पंखाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी.

“केसात रंग अडकलाय.”

“कुठे?”

“सांगू, की काढू?”

“...काढ.”

त्यानं हातमोजा उतरवला आणि पापुद्रा इतक्या हलक्या हातानं काढला, की मला कळलंच नाही. “आता परत ‘अहो’वर जायचं नाही हं,” तो म्हणाला.

तपासनीस आला. त्यानं वजन केलं, विमान उडवून पाहिलं, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी खिळ्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं, अगदी माझ्यासारखंच. “याला रंग देऊ नका,” एवढंच म्हणाला आणि सही केली. दादा डोळे पुसत बाहेर गेला.

काकांनी वाळूचं पोतं उचलून खाली ठेवलं. “पाहुणीचा मुक्काम संपला. आता घरचं माणूस बसव.”

तो माझ्यासमोर आला. “चल. वजन सांगायला नको. पोतं जाड्यातल्या जाड्या माणसाइतकं भरलं होतं. तुझं कितीही असू दे... चालेल.”

चिमटा तोलणारा माणूस मला न तोलताच ‘चालेल’ म्हणत होता! माझे डोळे भरून आले. त्याचा खांदा धरून मी टाचा उंचावल्या आणि त्याच्या कानात आकडा सांगितला.

तो गालात हसला. “आईला अजून सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“मग मीच येतो सांगायला.”

“आकडा?” मी डोळे वटारले.

“छे. आकडा आपल्या दोघांतच. बाकीचं सांगतो.”

मी सीटवर चढले, पट्टा बांधला आणि म्हटलं, “उद्याच ये.”