एकशे अठरापैकी एकतीस

फोटो एकूण एकशे अठरा होते. किल्ल्यांचे एक्केचाळीस, जुन्या गावांचे सव्वीस, डोंगर-दऱ्या-धबधब्यांचे छत्तीस, खाण्यापिण्याचे नऊ, आणि सहा असे की त्यांत धुक्याशिवाय काहीच नव्हतं. या सगळ्यांत मिळून एकतीस फोटोंमध्ये एकच मुलगी होती. पिवळा रेनकोट, खांद्यापर्यंत केस, आणि हसणं असं, की कॅमेऱ्यामागच्या माणसाला ती चांगलीच ओळखत असणार.

वल्लरीने हे मुद्दाम मोजलं नव्हतं. निदान पहिल्या खेपेला तरी नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ॲन आर्बरच्या लायब्ररीत महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता : ‘लक्झेंबर्ग – नऊ दिवसांत एक देश’. वल्लरी तिथे गेली ती साबुदाणा वड्यांसाठी. भूगर्भशास्त्रातल्या पीएचडीचं दुसरं वर्ष, बाहेर उणे अकरा तापमान आणि खोलीवर फक्त ओट्स. कोणीही गेलं असतं. पण कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच बोलणाऱ्या मुलाच्या हातातला रिमोट बंद पडला, आणि लॅपटॉपच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीत बसली होती ती.

“एक्स्क्यूज मी... जरा बाण दाबाल का? मी ‘पुढचा’ म्हटलं की?”

“उजवीकडचा?”

“हो. डावीकडचा दाबलात तर आपण सगळे परत विमानतळावर.”

हॉल हसला. वल्लरीही हसली, आणि तिथेच जरा घोटाळा झाला.

त्याचं नाव अवधूत. नागपूरचा, इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करणारा. “आमच्या नागपूर जिल्ह्यात असे जवळजवळ चार देश बसतील,” तो सांगत होता, “पण किल्ले बघायचे तर दिवस पुरत नाहीत. आणि देशभर बस, ट्रेन सगळं फुकट. चुकीच्या गाडीत बसलो तरी नुकसान नाही. आम्ही तीनदा बसलो.” व्हियांडेनचा किल्ला त्याने असा सांगितला, की खालची उर नदी, उतरत्या छपरांचं गाव, चढाचा दगडी रस्ता डोळ्यांसमोर आला आणि भिंतीवरचं ओलं शेवाळ वल्लरीच्या तळहाताला लागलं. दर वेळी तो “पुढचा” म्हणायचा आणि तिच्याकडे बघायचा. विसाव्या फोटोपर्यंत त्याला ‘पुढचा’ म्हणायचीही गरज उरली नाही. नुसतं बघितलं की ती दाबायची.

तेवढ्यात तो पिवळा रेनकोट आला. मग परत आला. मग येतच राहिला.

शेवटी लोकांनी प्रश्न विचारले. व्हेज मिळतं का? मे महिन्यात थंडी असते का? साठीच्या माणसाला चढ झेपेल का? हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती, पण विचारायला हवा होता तो एकमेव प्रश्न कोणीच विचारला नाही.

मंडळाचा पाडव्याचा अंक काढणाऱ्या प्रतिमाकाकूंनी वडे संपायच्या आत फर्मान काढलं. “अवधूत, मला लेख दे. आणि वल्लरी, तू फोटो निवड. बाराच हं, त्याहून जास्त पानं नाहीत माझ्याकडे. कॅप्शनही दोघं मिळून करून टाका.”

“काकू, माझा लॅबचा...”

“शनिवारी लॅब नसते,” काकू म्हणाल्या. शनिवारीही लॅब असते. वल्लरी बोलली नाही.

अशा रीतीने दर शनिवारी दुपारी कॅम्पसजवळच्या एका कॅफेत, खिडकीजवळच्या टेबलाशी ते दोघं बसू लागले. बाहेर बर्फाचे ढीग काळे पडत चालले होते. आत लक्झेंबर्ग होतं.

“हे काय लिहिलंस? ‘मोठमोठे दगड’?” दुसऱ्या शनिवारी तिने विचारलं. फोटो म्युलरथालच्या जंगलातला होता. दोन उंच कड्यांमधून एवढीशी वाट, माणसाने आडवं होऊनच जावं अशी.

“मग काय आहेत? मोठमोठेच आहेत.”

“वालुकाश्म आहे तो. ज्युरासिक. वीस कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, अवधूत.”

“असं? मला एवढंच माहीत, की तिथून जाताना माझं जॅकेट फाटलं.”

“तू वीस कोटी वर्षं जुन्या समुद्रात जॅकेट फाडून आलास आणि मला इथे मिशिगनमध्ये बसून त्याची कॅप्शन लिहायला लावतोस!”

“तू जळून राहिली का?”

“दगडांवर? हो.”

“नुसती दगडांवर ना?” तो हसत म्हणाला, आणि कॉफी आणायला उठला.

वल्लरी स्क्रीनकडे बघत राहिली. त्या फटीतून बाहेर पडल्यावर पलीकडे कोण उभं होतं ते तिला पाठ झालं होतं. मत्सर हा शब्द तिला शाळेपासून माहीत होता. तो शरीरात नेमका कुठे असतो ते आत्ता कळत होतं. बरगड्यांच्या खाली, किंचित डावीकडे.

नाव तिसऱ्या शनिवारी कळलं. त्याने आपणहूनच सांगितलं, अगदी सहज. “ही इला. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. सिद्धेश तिकडे लक्झेंबर्गमध्ये जॉब करतो, म्हणून तर गेलो. इला आता जर्सी सिटीला असते.”

“अच्छा,” वल्लरी म्हणाली. एवढ्या एका शब्दाला तिला फार कष्ट पडले.

चौथ्या शनिवारी त्याचा फोन वाजला. तो खिडकीकडे तोंड करून बोलला, पण कॅफे केवढा असणार! “हो इला, ऑफर लेटर आलं... अगं जर्सी सिटी चांगलीच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? मंडेपर्यंत कळवायचंय त्यांना... हो, बाबा, हो. तुझ्या घराजवळच बघेन अपार्टमेंट, घेतलं तर.” आणि तो हसला. सैल, जुनं हसू. वल्लरीच्या वाट्याला आलेल्या हसण्यांत हे नव्हतं.

मे महिन्यात त्याची डिग्री संपणार, हे तिला माहीत होतं. तो जाईल हेही कुठेतरी माहीत होतं. पण इलाकडे जाईल... त्या रात्रीच तिने बारा फोटो निवडून टाकले. एक्सेलमध्ये एकशे अठरा ओळी, शेवटचा रकाना ‘नाकारण्याचं कारण’. प्रकाश कमी. क्षितिज तिरकं. फोकस मऊ. पिवळा रंग छपाईत फाटतो. इलाच्या एकतिसाव्या फोटोपर्यंत कारणं संपत आली होती, तेव्हा तिने ‘रचना विस्कळीत’ लिहिलं आणि फाइल पाठवून दिली.

पाचव्या शनिवारी अवधूत तिच्याआधी येऊन बसला होता. समोर पेपर नॅपकिन, त्यावर आकडेमोड.

“बस,” तो म्हणाला. “पिवळा रंग छपाईत फाटतो?”

“फाटतो कधीकधी.”

“मग मोहरीच्या शेताचा फोटो कसा घेतला तू? पानभर? त्यात पिवळ्याशिवाय दुसरं काय आहे?”

वल्लरीने मफलर काढायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

“एकशे अठरा फोटो,” तो पुढे म्हणाला. “एकतिसांमध्ये इला. तू निवडले बारा. त्यात इला किती?”

“...शून्य.”

“आता समज, तू डोळे मिटून बारा उचलले असते. तर एकातही इला न येण्याची शक्यता किती? मी काल काढली.”

“तू हे काढत बसलास?”

“दोन पॉइंट एक टक्का.” त्याने नॅपकिन तिच्याकडे सरकवला. “तुम्ही सायन्सवाले लोक. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की तुम्ही काय म्हणता?”

तिने आकडे तपासले. दुर्दैवाने बरोबर होते. “योगायोग नाही, असं म्हणतो.”

“मग काय आहे?”

खिडकीवर पाऊस सुरू झाला होता. बर्फ की पाऊस ते अजून ठरत नव्हतं.

“मग काय म्हणजे?” तिचा आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला. “तू तिच्यासाठी जर्सी सिटीला चाललायस, तिच्या घराजवळ अपार्टमेंट बघणारेस, आणि मी पानापानावर तिला नीट क्रॉप करून लावू? मी नाहीये इतकी चांगली, अवधूत! मला वाटलं होतं असेन. पण नाहीये.”

पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने हेडफोन काढून पाहिलं. मराठी कळलं नसावं; आवाज कळला.

अवधूत हसला नाही. “मी विचारलं होतं इलाला,” तो हळूच म्हणाला. “पाचव्या दिवशी. बूर्शाइडच्या किल्ल्यावर. खाली सूर नदीचं वळण दिसत होतं, मला वाटलं, जागा चांगली आहे.”

“आणि?”

“नाही म्हणाली. चांगल्या शब्दांत म्हणाली, पण नाहीच. आणि पुढचे चार दिवस आम्हाला एकाच गाडीतून फिरायचं होतं.” त्याने लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. “तू एक कर. तिचे एकतीस तारखेने लाव. तू फक्त मोजले ते. पाहिले नाहीस.”

तिने लावले. पहिल्या पाच दिवसांत एकोणीस फोटो. इला अर्ध्याअधिक चौकटीत. रेनकोटची बटणं मोजता यावीत इतकी जवळ. मग बूर्शाइड. मग उरलेले बारा. वल्लरीच्या बॅगेत फील्डवर दगडाशेजारी ठेवायची छोटी पट्टी असते. ती तिने नकळत काढून स्क्रीनला लावली. व्हियांडेनला इला अकरा सेंटिमीटर. सहाव्या दिवशी म्युलरथालच्या कड्यापाशी तीन. शेवटच्या दिवशी एख्टरनाखच्या तळ्याच्या पार पलीकडच्या काठावर एक पिवळा ठिपका. सहा मिलिमीटर.

एकेका विचित्र नोंदीसाठी पीएचडीच्या गाइडशी भांडणाऱ्या मुलीने अख्खे एकतीस पुरावे फेकून दिले होते, आणि उत्तर त्यांतच होतं.

“खूप लागलं होतं?” तिने विचारलं.

“तेव्हा? खूप. फ्रेममध्ये तिला जवळ घ्यायचीच भीती वाटायची. आता फोनवर हसता येतं. मैत्रीण आहे ती. आधीही तीच होती, मीच जास्त धरून चाललो.”

“तरी मला या अकरा सेंटिमीटरचा राग येतोय.”

“येऊ दे.”

“आणि जर्सी सिटी?”

“तिने माझा रेझ्युमे पुढे दिला होता, एवढंच. सोमवारीच नाही कळवून टाकलं. इथे जुन्या पुलांची तपासणी करणारी छोटी कंपनी आहे, ती घेतेय मला.”

“का पण? आणि हे बघ, माझं मत विचारू नकोस, मी बायस्ड आहे...”

“कुठे विचारतोय? सांगतोय.” त्याने लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं, तिचा चेहरा दिसावा म्हणून. “बारा कॅप्शन लिहायला किती वेळ लागतो, वल्लरी? एक संध्याकाळ. मी पाच शनिवार लावले. तुला काहीच संशय नाही आला?”

“मला वाटलं तुझं मराठी कच्चं आहे.”

आता मात्र तो हसला. सैल, मोकळं, आणि त्यात काहीतरी नवीनही होतं. नवीन काय ते तिने मोजलं नाही. टेबलावरचा त्याचा हात तिच्या हातापाशी येऊन थांबला... आणि मग थांबला नाही.

थोड्या वेळाने तिने एका हाताने झाकण परत उघडलं. दुसरा मोकळा नव्हता. दुसरे चार काढून इलाचे चार फोटो यादीत परत घातले, त्यांत व्हियांडेनचाही.

“छान दिसते ती इथे,” वल्लरी म्हणाली.

“दिसते.”

“इतक्या लगेच हो म्हणायची गरज नव्हती.”

“सॉरी. बरी दिसते.”

“आता खोटं बोलतोयस.”

“मग मी बोलू काय, बाई?”

“पुढचा म्हण,” ती म्हणाली, आणि तो म्हणायच्या आतच फाइल प्रतिमाकाकूंना गेली.

ते बाहेर पडले तेव्हा पावसाने पाऊसच व्हायचं ठरवलं होतं. स्टॉपवर बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने दोघांकडे पाहिलं, दार मिटलं आणि बस गेली. त्यांनी हुड डोक्यावर ओढले आणि चालायला लागले.

कॅफेपासून वल्लरीचं घर एक पूर्णांक नऊ किलोमीटरवर आहे. चालत तिला एरवी चोवीस मिनिटं लागतात. त्या दिवशी एक तास बावन्न मिनिटं लागली.