गोल टँकर, सरळ काठी

"भीमा चोर हाय! वाटंतच पाणी विकून राहिला!"

कोंडाबाईंनी रिकामी घागर अशी आपटली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

मुखेडजवळच्या या वाडीत चार गल्ल्या. भीमा रोज टँकर घेऊन यायचा आणि प्रत्येक गल्लीला पाव टँकर मिळायचा. सरपंच चंद्रप्पांनी स्वतः काठीवर खुणा केल्या होत्या. काठी टँकरमध्ये बुडवायची, पाणी एक खूण उतरलं की पुढची गल्ली. तरी पहिल्या गल्लीच्या कोंडाबाई आणि शेवटच्या गल्लीच्या रत्नम्मा रोज भांडायच्या. भीमाशी, आणि तो नसेल तेव्हा एकमेकींशी.

"उद्या पाणी कमी भरलं तर तुझं काम बंद, भीमा!" चंद्रप्पा गरजले.

भीमाची लेक लुंबिनी फणफणली. "चोर फक्त टोकाच्याच गल्ल्यांचं चोरतो व्हय? मधल्या दोन्ही गप कशा?"

"मधल्यांचं उतू जातं," तिचा मित्र महांतेश म्हणाला. "काल त्यांनी कोंबड्यांना आंघोळ घातली!"

लातूरला क्लास लावलेली अक्षरा सुट्टीला आली होती. तिने आधी टँकरकडे पाहिलं, मग सरपंचांकडे.

"टँकर आडवा, गोल हाय. अप्पांसारखा! पोट मधी मोठं. अन् काठीवर खुणा सारख्या अंतरावर! मधी जास्त पाणी जाणारच की!"

"मग पावाची खूण कुठं?" महांतेशने विचारलं.

अक्षराने मातीत वर्तुळ काढलं, आत पाण्याची रेघ. रेघेच्या दोन टोकांपासून मध्यबिंदूपर्यंत दोन रेषा. "हा कोन शोधायचा. कोनातून त्याचा साइन वजा केला की 'पाय'चा, तीन पूर्णांक चौदाचा, निम्मा यायला पाहिजे. म्हणजे एक पूर्णांक सत्तावन्न."

"मग काढ की सूत्रानं!" लुंबिनी म्हणाली.

"सूत्र न्हाई याला. अंदाज घ्यायचा अन् दाबत जायचं."

पहिल्यांदा फोनचा कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला. उत्तर आलं, पाव टँकर म्हणजे तळाचा ओलावा!

"यानं तर सगळी वाडीच मरंल," महांतेश शांतपणे म्हणाला.

मग अंशांऐवजी कोनाचं दुसरं माप, रेडियन, लावलं. दोन घेतलं, कमी पडलं. तीन, लई जास्त! मधलं अडीच, अजून जास्त. सव्वादोन, कमी. असं दोन्हीकडून चेपत चेपत कोन दोन पूर्णांक एकतीसवर सापडला. पाच फूट उंचीच्या टँकरात पावाची खूण तळापासून पंधरा इंचांवर नाही, जवळजवळ अठरावर! वरचीही तशीच, वरून अठरा.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्पांचा चहा संपेपर्यंत महांतेशने जुनी काठी लपवून नव्या खुणांची ठेवली.

चारही गल्ल्यांची पिंपं सारखी भरली! लुंबिनी हसणार, एवढ्यात चंद्रप्पा ओरडले, "बघा! दम दिला अन् चोरी थांबली! म्हंजे भीमाच चोर!"

"हाणा त्याला!" रत्नम्मा उत्साहाने म्हणाल्या.

"थांबा!" लुंबिनीने गोठ्यामागून जुनी काठी ओढून आणली. "अप्पा, तुमची काठी ही! आज पाणी वाटलं ते आमच्या काठीनं. लावा शेजारी शेजारी!"

काठ्या शेजारी आल्या. मधली खूण तेवढी जुळली. बाकीच्या दोन्ही तीन-तीन इंचांनी चुकल्या होत्या. अक्षराने तेलाचा गोल डबा आडवा करून सगळं दाखवलं. चंद्रप्पांनी डबा स्वतः हातात घेऊन उभा-आडवा करून पाहिला.

"भीमा," ते शेवटी घसा खाकरून म्हणाले, "चूक माझी. काम तुझंच. अन् पोरं लई हुशार हायेत!"

कोंडाबाईंनीही कौतुक केलं. म्हणजे कुणालाही शिवी न देता घागर उचलली.

"पण टँकर गोल असल्याचं ध्यानात कसं आलं गं?" चंद्रप्पांनी प्रेमाने विचारलं.

अक्षरा काठी पुसू लागली. महांतेशने मात्र प्रामाणिकपणे त्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं.