शेजारच्याचा श्वास

हिंजवडीच्या गर्दीत कंपनीची गाडी अडकली, म्हणून क्षितिजा समूहगानाच्या सरावाला उशिरा पोचली. पाहते तर काय, नांदे गावातल्या हॉलमध्ये सगळे उताणे पडलेले आणि प्रत्येकाच्या पोटावर एकेक पुस्तक! रिकामी जागा एकच, एका उंच, सावळ्या तरुणाच्या शेजारी.

"पोटावर काहीतरी ठेव," शिकवणाऱ्या सुलक्षणाताई म्हणाल्या. "श्वासाबरोबर ते वर गेलं पाहिजे. छाती नाही, पोट फुगवायचं."

तिच्याजवळ पुस्तक कुठलं? शेजाऱ्याने पिशवीतून नारळ काढून पुढे केला.

"घ्या. सोललेला हाय, टोचायचा न्हाई."

"नारळ?"

"मारुतीला न्हेत हुतो. आज तुमास्नी."

तिला हसू फुटलं आणि नारळ गडगडत थेट ताईंच्या पायाशी गेला.

त्याचं नाव विश्राम. नांद्यातलाच, आईबरोबर राहायचा, रोपांची नर्सरी होती त्याची. ती लातूरची, नोकरीसाठी आलेली. इमारतीत कुणाची धड ओळखही नव्हती. श्रावण सरींवर सरी सांडत राहिला, आणि सरावाची संध्याकाळ तिला हवीहवीशी वाटू लागली.

गाण्याच्या शेवटी एक लांबच लांब सूर होता. एका दमात तो कुणालाच पेलला नसता. म्हणून ताईंचा नियम होता, शेजाऱ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाने हळूच घ्यावा, तोवर दुसऱ्याने सूर धरावा. ऐकणाऱ्याला कळूसुद्धा नये.

पण नेमका तिथेच सूर तुटायचा. विणलेल्या कापडात मध्येच भोक पडावं तसा.

गणपतीचा कार्यक्रम तोंडावर आला. ताईंनी एकेका जोडीला गायला लावलं, आणि चोर सापडले.

"तुम्ही दोघं एकदम श्वास घेता! विश्राम, आजपासून तू मागच्या रांगेत."

क्षितिजाचा चेहरा उतरला. सराव संपला तरी पाऊस थांबेना. दोघं पत्र्याखाली उभी राहिली.

"चूक माझीच," ती म्हणाली. "मी श्वास रोखून थांबायचे... तुम्ही आधी घ्यावा म्हणून."

तो बघतच राहिला. "मी बी त्येच करत हुतो! म्हनलं, ह्या दिसभर दमून येत्यात... आदी ह्यांनी घ्यावा."

"आणि मग दोघांचाही दम एकदमच संपायचा?"

"व्हय की!"

दोघं पोटभर हसली. पत्र्यावर पाऊस वाजतच होता.

"मी मागं गेलो म्हंजी गानं बरं हुईल," तो खाली बघत म्हणाला.

"गाणं होईल..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला नाही बरं वाटणार, विश्राम."

त्याने मान वर केली. मग पावसात भिजत निघाला तो अशा चालीने, की जणू ऊनच पडलंय!

कार्यक्रमात तो सूर कुठेही तुटला नाही. टाळ्या चालू असतानाच विश्राम मागच्या रांगेतून वाट काढत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"अहो, ताई रागावतील!"

"गानं संपलंय आता. आता मी हितंच ऱ्हानार... तुजी ना न्हाई ना?"

"नाही," ती पुटपुटली. "पण तुमच्या आईंना चालेल का?"

"आय समोरच बसलीया. मगापासनं तुज्याकडंच बघतीया."

क्षितिजाने बिचकून समोर पाहिलं. हिरव्या लुगड्यातल्या बाईंनी शेजारची खुर्ची पदराने पुसली, आणि तिला हाताने जवळ बोलावलं.