दोन पानं एकदम

आठवडाभर जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत गावाचं पाणी तपासून यामिनी मेटाकुटीला यायची, आणि मग रविवार यायचा. रविवार म्हणजे पळसखेडचं सार्वजनिक वाचनालय. एका हाताला पाच वर्षांचा निषाद, दुसऱ्या हाताला नऊ वर्षांची मैना, खांद्याला खाऊचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि निषादची जादा चड्डी. लग्न न करता आयती दोन पोरं मिळाली, असं शेजारणी म्हणायच्या. आयती म्हणे! बहीण गेली म्हणून मिळाली होती.

केतकी गेली ती मैनाच्या स्नेहसंमेलनाच्या सकाळी. मैना पोपट होणार होती, आणि पोपटाला हिरव्या टिकल्या लागणार होत्या. त्या आणायला केतकी स्कूटरवरून बाजारात गेली, आणि वळणावर ट्रकने तिला उडवलं. त्या दिवसापासून यामिनीने घरातले तिचे फोटो कपाटात ठेवले आणि मुलांसमोर तिचं नाव काढायचं नाही असं ठरवून टाकलं. उगाच खपली कशाला काढायची? मुलंही काही विचारत नव्हती. यामिनीला वाटायचं, बरं झालं, विसरताहेत.

आणि अशात त्या मेल्या पुस्तकाने घात केला. ‘तळ्याकाठची पिल्लं’ नावाचं साधं चित्रांचं पुस्तक. निषादला टिटवीची पिल्लं भारी आवडली. यामिनी मोठ्याने वाचत होती आणि मध्यावर पान उलटता उलटता पुढे नजर गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिथे आई टिटवी दाणे आणायला जाते आणि परत येत नाही. तिचा हात थरथरला. तिने दोन पानं एकदम उलटली आणि थेट पिल्लांच्या उडायला शिकण्यावर आली. गोष्ट संपल्यावर पुस्तक मुलांच्या हातात देऊन ती तडक मागच्या खोलीत, पुस्तकांची शाई भरायच्या शाईघरात गेली.

ग्रंथपाल तडवी तिथे भिंगाखाली एक पान धरून बसले होते. पुस्तकातलं एखादं पान मुद्दाम पुसता येतं का, असं तिने सरळच विचारलं.

“पुसता येत नाही मॅडम,” तडवी म्हणाले. “मरू देता येतं.”

“म्हणजे?”

“ही दृष्टिजीवी शाई आहे. कागदात बारीक दृष्टिकण विणलेले असतात. आपल्या बुबुळावरून परतणारा उजेड त्यांना कळतो. नजर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, की त्या ओळीला जरासा विद्युतभार मिळतो. तेवढ्यावर ती जगते.”

यामिनी रसायनशास्त्राची. तिने लगेच पुढचं विचारलं. “आणि नजर नुसती वरून फिरली तर?”

“घरंगळलेली नजर शाई धरत नाही. वाचावं लागतं. कोणीच वाचलं नाही, तर वर्षभरात ओळ कोरी होते. पान कोरं झालं की त्यात आम्ही दुसरी गोष्ट भरतो. कपाटं आहेत तेवढीच, काय करणार?”

“जास्त वाचली तर जास्त काळी होते?”

“होते ना, भार साठत जातो. प्रेमकवितांचं कपाट बघा एकदा, काजळासारखं झालंय.”

कोणी वाचलं ते समजतं का, हेही तिने विचारून घेतलं. नाही, शाईला नजर कळते, माणूस कळत नाही. आणि तसंही ते जुनं पुस्तक हल्ली दुसरं कोणी काढतच नव्हतं. गावातल्या पोरांना आता बोलती पुस्तकं लागत होती.

यामिनीचा जीव भांड्यात पडला. फक्त वर्षभर कळ काढायची. मग ते पान मरेल, तिथे माकडाची नाहीतर उंदराची गोष्ट येईल, आणि मुलांना ते कधी दिसणारसुद्धा नाही.

मग दर रविवारी तेच. मैना निषादच्या कानात काहीतरी कुजबुजायची, निषाद ‘टिटवी, टिटवी’ करत सुटायचा, आणि यामिनी ते पुस्तक काढायची. त्या पानाशी आली की अंगठा ओला करून दोन पानं एकदम. गोष्ट संपली की वेताच्या खुर्चीत तिचे डोळे मिटायचे. आठवड्यातली तेवढीच काय ती झोप. मुलं नुसती चित्रं बघत बसतात असं तिला वाटायचं, आणि ती गुणी आहेत म्हणून ती देवाचे आभार मानायची.

वर्ष सरलं. एका रविवारी मुलं हात धुवायला नळावर गेली असताना यामिनीने ते पान उघडलं.

पान कोरं होतं. आई टिटवी कशी गेली, पिल्लांनी कशी वाट बघितली, सगळं सगळं गेलं होतं. पण खालच्या बाजूला एक ओळ शिल्लक होती. नुसती शिल्लक नाही, काळीकुट्ट. अख्ख्या पुस्तकात तितकं काळं दुसरं काहीच नव्हतं.

‘पिल्लांची काही चूक नव्हती.’

शाई खोटं बोलत नाही, हे तिला शास्त्राने माहीत होतं. कोणीतरी हे एवढंच वाक्य, दुसरं काही नाही, परत परत वाचत होतं. तिने पुस्तक जागेवर ठेवलं. मुलं आल्यावर नेहमीसारखी गोष्ट वाचली, नेहमीसारखी दोन पानं एकदम उलटली, आणि खुर्चीत मान टाकून डोळे मिटले. पण पुरते नाही.

मैनाने आधी मावशीकडे नीट पाहून घेतलं. मग निषादला चिवड्याचा डबा उघडून दिला. मग ते पान काढलं आणि बोट ओळीखाली धरून सावकाश, ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. कोणी औषध घ्यावं तसं परत वाचलं.

“मैना,” यामिनी म्हणाली.

पोरीने पुस्तक मिटलं नाही. फक्त मान खाली घातली.

“कधीपासून वाचतेस?”

“पहिल्यांदा तू तडवीकाकांकडे गेलीस ना, तेव्हापासून. तू झोपलीस की.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला ते पान सहन होत नाही,” मैना म्हणाली. “ते आलं की तुझा हात थरथरतो. तू तर आधीच दमलेली असतेस.”

मुलांना जपायला म्हणून जे पान ती चोरत होती, ते यामिनीला जपायला म्हणून मैना चोरून वाचत होती. यामिनीने विचारलं, सगळं पान सोडून तेवढीच ओळ का?

मैना फ्रॉकची शिवण उसवत बसली.

“टिकल्यांचं मी आदल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “मी विसरले. सकाळी सांगितलं.”

वर्षभर ही पोर एवढं ओझं घेऊन शाळेत जात होती, जेवत होती, भावाचं नाक पुसत होती, आणि यामिनी म्हणत होती विसरताहेत. तिला स्वतःची लाज वाटली आणि रडू आलं, दोन्ही एकदम. तिने मैनाला ओढून मांडीवर घेतलं. दहा वर्षांची घोडी झाली होती, पाय जमिनीला लागत होते, तरी घेतलं. मग पुस्तक पुढ्यात ओढून ती ओळ मोठ्याने वाचली. एकदा वाचून भागलं नाही, म्हणून पुन्हा वाचली.

निषाद चिवड्याच्या बोटांनी पानावर येऊन टेकला. “मावशी, पिल्लांची आई कुठे गेली? इथे तर काही लिहिलेलंच नाही.”

“लिहिलं होतं रे,” यामिनी म्हणाली. “मी ते मरू दिलं. आता तोंडानेच सांगावं लागेल.”

तिने डोळे पुसले, त्या कोऱ्या जागेच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर्षभरात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

“तुमची आई, केतकी, त्या दिवशी सकाळी हसत हसत बाहेर पडली...”