गळ्यावरची लाल रेघ

दुर्गाबाई खोलीत आली तीच मागे वळून बघत. बसण्याआधी तिने विचारलं, "दाराले कडी लावू का, भाऊ?"

"लावा," धरमसिंग राठोड म्हणाला.

मानोऱ्याजवळच्या तांड्यातला हा माणूस. पोलिसातली नोकरी सोडून तो वाशिममध्ये खाजगी तपासाची कामं घेत असे. त्याचा मित्र देवमन, दवाखान्यातला कंपाउंडर, तिथेच बसला होता. त्याने पाण्याचा गिलास पुढे केला. दुर्गाबाईने तो न पिताच खाली ठेवला.

"कोणीतरी मला मारणार आहे," ती म्हणाली.

दुर्गाबाई प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा वारलेला. घरात लहानगी रुपा आणि नवऱ्याची थोरली बहीण आवडाबाई, एवढीच माणसं.

"उत्तमराव मास्तर रविवारी चित्रकलेचा वर्ग घेतात. मी नवीनच शिकते आहे. नमुना म्हणून त्यांनी माझंच चित्र काढलं आणि मला दिलं. परवा सकाळी त्या चित्रात माझ्या गळ्यावर लाल रेघ होती. अशी." तिने गळ्यावरून बोट फिरवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. "काल परत तशीच. उशाखाली विळा ठेवून झोपते मी, भाऊ. तरी डोळा लागत नाही."

"आता आहे रेघ?"

"नाही. दोन्ही वेळा आवडाबाईंनी पाह्यली. मला उठवून दाखवली आणि रुपाच्या नजरेस पडू नये म्हणून लगेच ओल्या फडक्यानं पुसली. डागसुद्धा राहिला नाही."

"लाल रंग कुठला?"

"माझाच. चित्राखालच्या फळीवर असतात नळ्या. मागच्या दाराची कडी तुटली आहे. कोणीही आत येऊ शकतं." ती दाराकडे बघत म्हणाली, "मी रुपाला घेऊन केनवडला माहेरी जाते. नोकरी गेली तरी चालेल."

"आजचा दिवस थांबा," धरमसिंग म्हणाला.

तुटकी कडी घरमालक चंपतने दुरुस्त केली नव्हती. तो दुर्गाबाईच्या अंगणातच भेटला.

"खोली मले पाह्यजे, हे खरं," चंपत म्हणाला. "पोराचं लगन झालं. पण बाईमाणसाले असं भेव दाखवाचं? तसा माणूस नाही मी."

आत चित्र भिंतीवर होतं. गळा स्वच्छ होता. आवडाबाई चुलीपाशी बसली होती, रुपाला कुशीत ओढून.

"रातीच कोणी आलतं," ती कुजबुजली. "दोन्ही राती पावलं वाजली. भेवानं मी हालली नाही. मंग अंधाराचीच उठली. चूल मागच्या दारापाशीच हाये. चूल पेटवली, पाणी तापवलं, तवापासून तिथून कोणी आलं-गेलं नाही. फटफटलं आन् चित्रापाशी गेली, तं रेघ! दुर्गीले म्हणलं, त्या मास्तराचा वर्ग सोड. त्याच्या चित्रापायीच हे होऊन राह्यलं."

"पुढचं दार?"

"आतून बंदच होतं."

रविवार असल्याने उत्तमरावांचा वर्ग त्यांच्या ओसरीवर भरला होता. ते एका नव्या विद्यार्थिनीला समजावत होते, "हे ॲक्रिलिक. मुंबईहून मागवलं आहे. पाण्यात कालवायचं, पण हात झटपट चालवायचा. या उन्हाळ्यात घटकाभरात वाळतं. ब्रश पाण्यातच ठेवा, नाहीतर लाकूड होईल त्याचं."

"चूक झाली तर?" तिने विचारलं.

"ओलं असेल तर पुसा. वाळल्यावर पाण्यानं हलत नाही. मग वरून दुसरा रंग चढवायचा."

धरमसिंगने त्यांना बाजूला घेतलं. दुर्गाबाईचं नाव ऐकताच मास्तरांचा चेहरा उतरला.

"आज त्या आल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांच्या दारात मी त्यांना लग्नाचं विचारलं होतं. रागावल्या असतील."

बाहेर पडताच देवमन म्हणाला, "हाच! नकाराच्या रागानं करून राह्यला."

"नकार अजून मिळाला कुठं?" धरमसिंग म्हणाला. "चल, बाईंच्या घरी. मले आता वेगळंच भेव वाटून राह्यलं."

दुपारी त्याने रुपाला शेजारी खेळायला पाठवलं. मग फळीवरची लाल नळी घेऊन पत्र्याच्या झाकणावर एक रेघ ओढली आणि झाकण उन्हात ठेवलं. सगळ्यांनी चहा घेतला. झाकण आत आणून त्याने पहिल्या रेघेशेजारी दुसरी ओढली आणि दोन्हींवरून ओलं फडकं फिरवलं.

दुसरी पुसली गेली. पहिली होती तशीच राहिली.

"रातीची रेघ सकाळपर्यंत अशी पक्की झाली असती," तो म्हणाला. "चित्रावरची तर डाग न ठेवता गेली. म्हणजे ती सकाळीच, पुसायच्या जराशी आधी ओढलेली. तेव्हा पुढचं दार बंद. मागून कोणी आलं नाही, हे आवडाबाईच सांगतात. म्हणजे चंपतही नाही, मास्तरही नाही. दुर्गाबाई आणि रुपा झोपलेल्या."

देवमन आवडाबाईकडे वळला.

"रंगाचं हे मला ठाऊक होतं," दुर्गाबाई पुटपुटली. "पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मास्तरांनी. भीतीनं काही सुचलंच नाही." मग ती नणंदेकडे वळली. "काहून, आवडाबाई?"

आवडाबाईने पदर तोंडात कोंबला होता. तो काढून ती बोलली.

"मास्तर तुले लग्नाचं इचारत होता, मी ऐकलं. तू जाशील, पोरगीले नेशील. मंग मले कोण? भेवानं तू वर्ग सोडशील वाटलं. तुले मारन का मी, दुर्गे?"

"रोज रात्री मी मरत होते."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. दुर्गाबाईने उठून ते उतरवलं.

"लग्न करीन की नाही, ते मी ठरवीन," ती म्हणाली. "केलं तरी तुम्ही माझ्याच घरी राहाल. तुम्हाला बाहेर काढणार नाही." आवडाबाई पाय धरायला पुढे सरकली, तशी ती झटकन मागे झाली. "पण आजपासून रुपा तुमच्याजवळ झोपणार नाही. माझी भीती जाईल तेव्हा पाहू."

आवडाबाईने होकारार्थी मान डोलावली. बाहेर अंगणातून रुपाने आत्याला हाक मारली. आवडाबाई उठली नाही. तिने दुर्गाबाईकडे पाहिलं.

"जा," दुर्गाबाई म्हणाली, आणि स्वतःही तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली.