भिंतीची ओ

घर घ्यायचं तर आधी भिंती वाजवून बघायच्या, ही ताईची रीत. गवंडी बापाची लेक ती. बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचं आणि कान लावायचा. गिलावा घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेला असेल तर बद्द.

नवरा गेल्यापासून ती लेकीला घेऊन धाकट्या भावाकडे राहत होती. धाकटा जीव लावायचा, पण भावजयीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. लेक मोठ्यानं वाचायला लागली तरी भावजयीचं डोकं उठायचं. ताईला स्वतःचं दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. तिच्या ऐपतीत बसणारं हे एवढं एकच घर होतं, आणि संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. इतकं स्वस्त कसं, असं विचारल्यावर एजंटानं किल्ली तिच्या हातात दिली आणि तो फाटकाबाहेरच थांबला.

आत कुबट वास कोंडला होता. ताईनं नळ सोडून पाहिले, खिडक्यांची उघडझाप केली. धाकटा मागोमाग मान डोलवत होता. मधल्या खोलीत झाडाच्या सावलीनं भर दुपारी अंधार दाटला होता. तिथली भिंत तिनं ठोकली. आवाज बद्द आला.

आणि भिंतीच्या आतून कुणीतरी तसंच ठोकलं. टक... टक.

धाकटा पांढराफटक पडला. "ताई... चल इथून," एवढं कसंबसं म्हणून तो बाहेर सटकला.

ताईलाही पळावंसं वाटलं. पण पळून जायला तिला दुसरं घर कुठे होतं? तिनं पुढची भिंत ठोकली. खणखणीत, आणि आतून काहीच नाही. खिडकीखाली ठोकलं. बद्द... आणि आतून उत्तर. मोरीपाशी पुन्हा तेच. आत जे कोण होतं, ते जिथे कच्चं तिथेच ओ देत होतं.

"हे बघा," ती भिंतीशी हळूच बोलली, "मला हे घर घ्यायचंय... कच्चं काय आहे ते आत्ताच दाखवा. मागाहून कुरकुर केलीत तर ऐकून घेणार नाही."

ठोके आपणहून पुढे निघाले... छताचा कोपरा, दाराची चौकट, माळ्याची तुळई. ताई खडूनं खुणा करत मागे धावत होती. भीती कुठल्या कुठे पळाली होती. बाहेर येऊन तिनं एजंटाला एकेक दोष असा ऐकवला, की त्यानं गपगुमान भाव उतरवला.

डागडुजी झाल्यावर ताईनं घरभर पुन्हा ठोकून पाहिलं. सगळं खणखणीत, आतून हूं की चूं नाही. लेक आपल्या खोलीत मोठमोठ्यानं वाचत होती आणि तिला गप्प बस म्हणणारं कुणी नव्हतं. ताईला इतका आनंद झाला की तिनं दाराची कडी उगाचच लावली, काढली, पुन्हा लावली. घर तिचं होतं.

एका दुपारी धाकटा बिचकत बिचकत चहाला आला. भित्री भागूबाई म्हणून ताईनं त्याची यथेच्छ थट्टा केली. हसता हसता तिनं त्याच्या पाठीवर पेरानं दोनदा ठोकलं.

आवाज बद्द आला.

आणि बरगड्यांच्या आतून कुणीतरी तसंच ठोकलं. टक... टक.

धाकट्याला काहीच कळलं नाही. तो चहावर फुंकर घालत होता.

"थांबलीस का, ताई?" तो म्हणाला. "बरं वाटत होतं... अजून ठोक ना."