बाटलीमास्तरांचा नमुना

आतला दिवा मालव रे, डोळ्यांवर येतोय. गच्चीचं दार लोटून घे. आणि मोबाइल खिशात घाला सगळ्यांनी. मी बोलत असताना कोणी मान खाली घातली की मला बोलायची मजा येत नाही.

ही गोष्ट माझी नाही. आमच्या कंपनीच्या जीप ड्रायव्हरची आहे. माणूस एक नंबरचा बडबड्या, पण थापाड्या नव्हे. त्याने हे मला सांगितलं ते भर दुपारी, चहा पिताना.

फेब्रुवारीची एकवीस तारीख, बुधवार. रात्री अकराला साहेबांनी त्याला बोलावलं आणि म्हणाले, "जीप काढ. तळेवाल्याकडून चाळीस मासे आण. जिवंत हवेत."

हसू नका. रसायनांच्या कारखान्यात मासे कशाला, हे ठाऊक नाही म्हणून हसताय. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडायचं असतं. ते खरंच शुद्ध झालं की नाही हे दाखवायला सिमेंटचा हौद बांधतात, त्यातून ते पाणी खेळवतात आणि हौदात मासे सोडतात. मासे पोहतायत म्हणजे पाणी चांगलं. तपासणीवाले येतात, हौदात डोकावतात, मान डोलावतात. आमचे मासे कायम टुणटुणीत असायचे, कारण आमच्या हौदात पाणी यायचं ते नळाचं! कारखान्याचं खरं पाणी रात्री दुसऱ्याच पाइपने जायचं, ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली. मी त्याच विभागात पंप चालवायचो, म्हणजे मलाही माहीत होतं. सांगून टाकतो, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

त्या दिवशी कोणीतरी चुकून सांडपाण्याचा व्हॉल्व्ह हौदाकडे उघडला. संध्याकाळपर्यंत सगळे मासे उताणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तपासणी.

आता बाटलीमास्तरांबद्दल सांगतो, मग पुढे जाऊ. नव्या माणसाला नाव ऐकून वाटायचं, गडी पिणारा असणार. पिणारा कसला, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नव्हतं. पाण्याचे नमुने घ्यायचं काम, म्हणून हातात सतत बाटल्या. रोज रात्री बरोबर दोनला ओढ्यावर जायचे. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मग भरायची, म्हणजे आधीचं काही आत राहत नाही. मग टॉर्च दातांत धरून, गुडघ्यावर रजिस्टर ठेवून, पेन्सिलीने लिहायचं. नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, शेरा. शाई पाण्याने पसरते म्हणून पेन्सिल. साहेब म्हणायचे, "मास्तर, जरा कमी लिहीत जा." मास्तर म्हणायचे, "जमत नाही हो मला."

त्या बुधवारच्या तीन वर्षं आधी एका रात्री गाळाच्या खड्ड्यातला पंप अडला. खड्ड्यात विषारी वायू साठतो. मास्क लावल्याशिवाय आणि वर दोर धरायला माणूस असल्याशिवाय आत उतरायचं नाही, असं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं. पण मास्क साहेबांच्या लोखंडी कपाटात, कुलपात. वापरून खराब व्हायला नकोत ना! किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब घरी गाढ झोपलेले. दोर मी धरायचो. त्या रात्री मी रजेवर होतो, माझ्या जागी कोणाला नेमलंच नव्हतं.

मास्तर उतरले. सकाळी वर काढले.

प्रेत हॉस्पिटलात नेलं ते आमच्या ड्रायव्हरनेच. चौकशीत त्याने साहेबांनी पढवलं तसं सांगितलं, "मास्क टेबलावर होता, त्यांनीच लावला नाही." नोकरीचा प्रश्न होता. रजिस्टरसुद्धा त्याच कपाटात गेलं, मास्कच्या शेजारी. नमुने घेणं तिथेच बंद पडलं. आणि एक ध्यानात ठेवा. ड्रायव्हर आमच्या विभागात महिन्यातून एकदा यायचा, म्हणून मास्तर त्याला चिडवायला "पाहुणे" म्हणायचे. मास्तरांशिवाय त्याला कोणी पाहुणे म्हणत नसे.

तर ती रात्र. तळेवाल्याने मासे मोजून प्लॅस्टिकच्या पिंपात सोडले तेव्हा एक वाजला होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती तान्ह्या बाळाला घेऊन बापाकडेच राहायची. "बाबा, बाळ अजून रडतंय. अंगावरचं पुरळ पोटापर्यंत आलंय."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"घामोळं म्हणाले. फेब्रुवारीत कसलं घामोळं, बाबा?"

"सकाळी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ," म्हणाला आणि जीप सुरू केली. त्याचा जीव त्या नातवात अडकलेला. पोर वरच्या दुधावर होतं, पावडरच्या. पाणी घरच्या विहिरीचं, उकळून घेतलेलं. विहीर ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर.

पुलाजवळ आला तेव्हा दोनला दोन मिनिटं कमी होती. मागे पिंपाचं झाकण खडखडायला लागलं, मासे उसळ्या मारत होते. झाकण उडालं तर चाळिसाचे वीस राहतील, म्हणून त्याने जीप थांबवली. इंजिन बंद केलं. मागे जाऊन झाकण दाबलं.

मासे एकदम शांत झाले.

सगळे. एकाच वेळी.

खाली पाइपातून पाणी पडत होतं. नाकाला झोंबणारा वास. आणि त्या आवाजात दुसरा एक आवाज. बाटलीत पाणी भरल्याचा, हलवल्याचा, ओतल्याचा.

एकदा.

त्याला वाटलं, कोणी मासेमारीला आलं असेल. या पाण्यात?

दुसऱ्यांदा.

त्याने कठड्यावरून खाली बघितलं. उजेडाचा एक ठिपका. हातात नसावा... कारण डोकं हललं की ठिपका हलत होता. कोणीतरी टॉर्च दातांत धरलेला.

तिसऱ्यांदा.

मग भरल्याचा आवाज... आणि मग काहीच नाही.

"पाहुणे..."

ड्रायव्हर म्हणतो, आवाज पुलाखालून आला नाही. शेजारून आला. शेजारी कोणी नव्हतं.

"पाहुणे... किती आणले?"

याच्या तोंडून आपसूक निघालं, "चाळीस."

पाइपाचं पाणी थांबल्यासारखं झालं.

"दोन... घरी न्या."

"घ... घरी?"

"विहिरीत सोडा."

उजेड विझला. मागे पिंपात चाळीस मासे एकदम उसळले.

जीप कशी सुरू केली, गिअर कोणता टाकला, त्याला काही आठवत नाही. घर वाटेवरच होतं. दहा मिनिटांनी दारात पोहोचला. स्वयंपाकघरात दिवा जळत होता, बाळ रडत होतं. बायको बाहेर येऊन म्हणाली, "अहो, काय झालं? चेहरा का असा?" याने बादलीत दोन मासे घेतले, मागे जाऊन विहिरीत सोडले आणि वरून टॉर्च मारला. मासे शेपूट हलवत खोल गेले. छान पोहत होते.

तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. स्वतःला एक शिवी हासडली, कारखान्यात जाऊन अडतीस मासे हौदात ओतले. साहेब म्हणाले, "शाबास."

परत आला तेव्हा साडेपाच झाले होते. अंगणात उभा राहून बूट काढत होता. घरात सगळं शांत, बाळसुद्धा.

स्वयंपाकघरातून आवाज आला. बाटलीत पाणी भरल्याचा, हलवल्याचा, ओतल्याचा.

एकदा.

त्याचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

दुसऱ्यांदा.

तो एका पायात बूट घालूनच विहिरीकडे पळाला. टॉर्च मारला. पाण्यावर दोन पांढरी पोटं.

तिसऱ्यांदा.

लेक बाळाची दुधाची बाटली विसळत होती. हा आत शिरला तेव्हा तिने दूध कालवून बाटली बाळाच्या ओठांना लावलीच होती. त्याने ती हिसकावली आणि अंगणात भिरकावली. लेक किंचाळली, "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" हा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला सांगतानाही रडला. म्हणाला, "सहा महिने मीच त्याला पाजत होतो रे ते. मीच."

काय रे पुतण्या, काय पुटपुटतोस? पाणी बदललं की मासे मरतातच? बरोबर आहे. साहेबही हेच म्हणाले. तूही साहेब होशील एक दिवस.

पण ड्रायव्हर थांबला नाही. दहा वाजता हौदापाशी मंडळी जमली असताना मेलेले मासे आणि विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन थेट तपासणी अधिकारीबाईंपुढे उभा राहिला. पुलाखालचा पाइप दाखवला. आणि मास्क टेबलावर नव्हता, हेही सांगितलं. तीन वर्षं उशिरा, पण सांगितलं. नोकरी त्याच दुपारी गेली. विहिरीच्या पाण्यात काय काय सापडलं त्याची दोन पानं भरली. पाणी बदलल्यावर महिन्याभरात बाळाची कातडी स्वच्छ झाली. आज शाळेत जातं ते.

तर बाईंनी कपाट उघडायला लावलं. किल्ली साहेबांच्याच खिशातून निघाली. कुलूप गंजलेलं, तेल घालावं लागलं. मी तिथे होतो. मास्क प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, नवेकोरे. शेजारी रजिस्टर, वर बोटभर धूळ. बाईंनी ते माझ्या हातात दिलं. मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं.

मास्तरांची शेवटची नोंद मला पाठ होती. नमुना क्रमांक २३१६. तीन वर्षांपूर्वीची. ती होतीच.

तिच्या खाली आणखी एक ओळ होती. पेन्सिलीची. तेच अक्षर.

२३१७. बावीस फेब्रुवारी. रात्री दोन वाजून पाच मिनिटं. ठिकाण... पाहुण्यांची विहीर. शेरा... मासे दोन, दोन्ही मेले.

दोन वाजून पाच मिनिटांनी ते मासे जिवंत होते रे. पिंपात होते. जीप रस्त्यावर होती.

मी पान मिटणार, तेवढ्यात खाली नजर गेली. पुढच्या ओळीत नुसता नंबर लिहिलेला होता. २३१८. तारीख नाही, वेळ नाही.

ठिकाण कोरं.